पुणे, जर्मनी, मेक्सिको: तीन देशांत विभागलेलं एकच काम तुम्ही कसं सांभाळता?

खडकीची_लेक | ३ ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार. इथे बरेच जण आयटीत, काही कारखानदारीत, काही संशोधनात आहेत, म्हणून इथेच विचारतेय. लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकल इंजिनिअर, चौदा वर्षं याच कामात. मार्चपासून माझ्याकडे एका टेस्ट रिगचं, म्हणजे चाचणीच्या यंत्राचं, काम आलंय. डिझाइन जर्मनीत, स्टुटगार्टच्या जवळ. बनवायचं पुण्यात, म्हणजे थोडं आमच्या चाकणच्या शेडमध्ये आणि बरंचसं भोसरीच्या दोन व्हेंडरकडे. बसवायचं मेक्सिकोत, केरेतारोच्या एका प्लांटमध्ये. तिन्हीकडच्या लोकांना एकत्र ठेवून काम वेळेत पोचवणं ही माझी जबाबदारी.

याआधी माझी सगळी कामं पुण्यातली. जॉब अडला की स्कूटर काढायची, भोसरी गाठायची, फोरमनच्या शेजारी उभं राहायचं, तासाभरात उत्तर मिळायचं. आता ज्याला विचारायचं तो त्या वेळी झोपलेला असतो. तो उठून उत्तर देतो तेव्हा व्हेंडरची पाळी सुटलेली असते. एका साध्या भोकाच्या मापाला तीन दिवस लागलेत.

माझ्या तीन अडचणी आहेत.

पहिली, रोज संध्याकाळी साडेसातची तिघांची बैठक. कधी साडेआठला संपते, कधी नऊला. मुलगी सहा वर्षांची आहे, तिचं जेवण आणि झोप याच वेळेत असते. सध्या ते आई बघते. पण रोज बंद दाराआड बसणं आता मला सहन होत नाही.

दुसरी. मी एका बैठकीत फाउंडेशन बोल्टच्या यादीबद्दल 'करून टाकू' अशा अर्थाचं इंग्रजीत बोलले. माझ्या मनात होतं की बघू, जमवू. जर्मन सहकाऱ्यानं त्या शुक्रवारची तारीख नोंदवली, मेक्सिकोच्या माणसानं त्या तारखेवर गवंडी ठरवले. यादी सोमवारी गेली. कोणी रागावून बोललं नाही, पण त्यानंतर माझ्या प्रत्येक वाक्याला 'नक्की का?' असा प्रश्न येतो.

तिसरी सगळ्यात वाईट. मेक्सिकोच्या प्लांटकडून आलेल्या ड्रॉइंगवरून १४ ब्रॅकेट बनवले. चौदाही उलटे, आरशात दिसावेत तसे. व्हेंडर शपथेवर सांगतो की ड्रॉइंगप्रमाणेच केलंय. मी त्याला आठ वर्षं ओळखते आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. मग चूक झाली कुठे?

---

नळस्टॉप | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

तिसऱ्या अडचणीतलं मला कळत नाही, पहिलीबद्दल बोलतो. मी हिंजवडीत आहे, अकरा वर्षं अमेरिका आणि युरोप दोन्हीकडच्या टीमबरोबर काम करतोय.

आधी हे तपासा की बैठकीचं निमंत्रण कोणी काढलंय. जर्मनीतल्या माणसानं काढलं असेल तर ती बैठक त्याच्या घड्याळाला बांधलेली आहे. आत्ता उन्हाळी वेळ चालू आहे, म्हणजे आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे. त्यांचे दुपारचे चार म्हणजे तुमचे साडेसात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातील आणि फरक साडेचार तासांचा होईल. बैठक तुम्हाला न विचारता साडेआठवर सरकेल.

मेक्सिकोनं २०२२ मध्ये घड्याळ बदलण्याची पद्धत बंद केली, उत्तर सीमेवरच्या काही गावांचा अपवाद सोडून. त्यामुळे केरेतारोशी आपला फरक वर्षभर साडेअकरा तास. एक घड्याळ हलतं, दोन हलत नाहीत. निमंत्रण पुण्याच्या वेळेवर काढून घ्या, निदान तुमची संध्याकाळ तरी जागेवर राहील.

अमेरिकेबरोबर काम करणाऱ्यांनी वेगळं लक्षात ठेवावं. त्यांचा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोपचा मार्चच्या शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे तिघांचं गणित निराळं असतं आणि दर वर्षी त्याच आठवड्यांत कोणी ना कोणी रिकाम्या बैठकीत एकटं बसलेलं असतं.

---

मुळाकाठ | ४ ऑगस्ट, सकाळी ९:०५

ताई, दोन प्रश्न. एक, ते ब्रॅकेटचं ड्रॉइंग मूळ कोणाचं? जर्मनांचं की प्लांटचं स्वतःचं? दोन, व्हेंडरच्या हातात नेमकं काय गेलं? पूर्ण शीट, की त्यातला तुकडा?

---

खडकीची_लेक | ४ ऑगस्ट, दुपारी १:३०

काका, आत्ता जेवणाच्या सुट्टीत व्हेंडरला फोन केला. ड्रॉइंग प्लांटचं स्वतःचं, अमेरिकी पद्धतीचं. आणि आमच्याच शेडमधून कोणीतरी घाईत फक्त ब्रॅकेटचा भाग कापून त्याच्या फोनवर पाठवला होता. खालचा चौकटीचा भाग त्यात नव्हताच.

---

मुळाकाठ | ४ ऑगस्ट, दुपारी ४:५०

मग उत्तर मिळालं. तुमच्या व्हेंडरनं खरोखरच ड्रॉइंगप्रमाणे केलंय. त्याच्यावर डेबिट नोट टाकू नका, म्हणजे नुकसान त्याच्याकडून वसूल करू नका.

एकाच वस्तूची वेगवेगळ्या बाजूंची चित्रं शीटवर मांडायच्या दोन पद्धती आहेत, फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल. आपल्याकडे आयटीआयपासून डिप्लोमापर्यंत फर्स्ट अँगल शिकवतात. जर्मनीतही तेच. अमेरिकेत थर्ड अँगल, जपानीही थर्ड अँगलच वापरतात. फर्स्ट अँगलमध्ये वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली काढतात आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे. थर्ड अँगलमध्ये वरचं वर, डावीकडचं डावीकडे. रेषा त्याच, मापं तीच, फक्त चित्रांची मांडणी उलटी. एका पद्धतीचं ड्रॉइंग दुसऱ्या पद्धतीनं वाचलं की मापात तंतोतंत आणि हाताला उलटा असा पार्ट तयार होतो. दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर कोणाला कळतही नाही. ब्रॅकेटला डावं-उजवं असतं, म्हणून तुम्हाला कळलं.

कोणती पद्धत हे सांगणारी खूण शीटच्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकमध्ये असते. कापलेला शंकू आणि शेजारी दोन वर्तुळं. वर्तुळं शंकूच्या निमुळत्या टोकाकडे असतील तर थर्ड, रुंद बाजूला असतील तर फर्स्ट. तुमच्या माणसानं कापून टाकला तो नेमका हाच कोपरा. भोसरीतला फोरमन तीस वर्षं जे वाचत आला तेच त्यानं वाचलं.

मी आयुष्यभर भोसरी आणि पिंपरीत फॅब्रिकेशन केलं, आता घरी असतो. आमच्याकडे एका परदेशी गिऱ्हाइकाच्या कामात १९९४ साली हेच झालं होतं. तेव्हा मोबाइल फोन नव्हते, ट्रेसिंगवरून ट्रेसिंग काढताना कोपरा गळला. पस्तीस पार्ट भंगारात गेले. त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये नियम केला: परदेशी शीट आली की फोरमननं आधी शंकूवर लाल पेन्सिलनं गोल करायचा, तारीख टाकायची, मगच कटिंगला हात लावायचा. गोल नाही तर काम नाही. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत ती चूक परत झाली नाही.

यात कोणाची अक्कल कमी होती असं समजू नका. एअरबसच्या ए३८० विमानाचं काम याच जातीच्या कारणानं अडलं. मागच्या भागाचे सांगाडे वायरिंगसकट हॅम्बुर्गहून तुलूझला यायचे. ते आले, आणि जोडायला घेतल्यावर वायरी पुरेनात. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर असते, तेव्हा वाढवून घेण्याइतकं ते सोपं नव्हतं. जर्मनी आणि स्पेनमध्ये कॅटिया या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती होती, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये पाचवी. प्रत्येकाच्या पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं. २००६ साली उशीर जाहीर करावा लागला आणि पहिलं विमान गिऱ्हाइकाला ऑक्टोबर २००७ मध्ये मिळालं.

म्हणून मला असं वाटतं की तुम्ही देश सांभाळू नका, जोड सांभाळा. जर्मनीतलं काम जर्मन नीट करतात, भोसरीतलं भोसरीवाले नीट करतात. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना जे होतं, तिथे तुम्ही उभं राहायचं. पूर्वी तुम्ही फोरमनच्या शेजारी उभ्या राहायचात ना, तसंच.

---

पाषाणवासी | ४ ऑगस्ट, रात्री ९:२०

मुळाकाठ यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं शंभर टक्के अनुमोदन. मी काही वर्षं दुर्बिणींच्या सॉफ्टवेअरच्या कामात होते, तिथे या 'जोडा'साठी वेगळा कागदच असतो. त्याला इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट म्हणतात. दोन बाजूंच्या मध्ये काय काय ओलांडून जाणार आहे, कोणत्या एककात, कोणत्या आकारात, किती वेळानं, हे सगळं त्यात. दोघांच्या सह्या. बदल करायचा तर पुन्हा दोघांच्या सह्या. आपल्या बाजूच्या आत तुम्ही हवं ते करा, पण सीमेवरचा आकडा एकट्यानं हलवायचा नाही.

पुण्याला हे नवीन नाही. विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेनं खोडदला ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली. पुढे स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या जागतिक दुर्बिणीचं काम आलं, तेव्हा तिच्या नियंत्रणाच्या आणि देखरेखीच्या यंत्रणेच्या आराखड्याचं नेतृत्वही एनसीआरएकडे होतं. अँटेना ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत, मुख्यालय इंग्लंडमध्ये जॉड्रल बँकला. आणि पुणे घड्याळाच्या बरोबर मध्ये. आपले दुपारचे दीड म्हणजे पर्थचे चार, दक्षिण आफ्रिकेचे सकाळचे दहा, इंग्लंडचे उन्हाळ्यात नऊ आणि हिवाळ्यात आठ. कोणाचीच रात्र जात नाही. खडकीची_लेक यांच्या नशिबी मेक्सिको आहे, तिथे हे जमणार नाही. पण आपण मध्ये असतो तेव्हा त्याचा फायदा घ्यायला पुणेकरांनी शिकावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं उदाहरण फ्रान्समधल्या ईटर या फ्यूजन प्रकल्पाचं. २००६ साली करार झाला. सात सदस्य: युरोपीय संघ, भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया, अमेरिका. सगळे सदस्य आपला बहुतेक वाटा पैशांऐवजी प्रत्यक्ष भाग बनवून देतात. सगळ्याला बाहेरून वेढणारा क्रायोस्टॅट भारतानं दिला, साधारण २९ मीटर उंच आणि तितकाच रुंद, वजन ३,८५० टन. सुरतजवळ हजिऱ्याला त्याचे तुकडे बनले, जहाजानं गेले आणि तिथे जागेवर वेल्डिंग करून जोडले. २०२० मध्ये त्याचा तळ खड्ड्यात उतरवला. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कामं थांबवून सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

आणि त्याच प्रकल्पात २०२२ मध्ये काय सापडलं? आतल्या व्हॅक्यूम व्हेसलचे, म्हणजे निर्वात पात्राचे, भाग निरनिराळ्या देशांतून आलेले, आणि ते एकमेकांना वेल्डिंगनं जोडायच्या ज्या कडा, त्यांचाच आकार ठरलेल्या मापात नव्हता. भाग प्रचंड, मेहनत प्रचंड, पण दोष बसला होता जोडाच्या कडेवर. २०२४ मध्ये सगळं वेळापत्रक नव्यानं मांडावं लागलं.

तुमच्या रिगमध्ये असे किती जोड आहेत ते मोजा. बोल्टची यादी हा एक, ब्रॅकेट हा दुसरा. बाकीचे आत्ताच लिहून काढा.

---

तळेगाव_स्टेशन | ५ ऑगस्ट, सकाळी ६:४०

सगळं पटतंय, पण साडेसातच्या बैठकीबद्दल सगळे फार समजूतदारपणे बोलताहेत. निमंत्रण पुण्याच्या वेळेवर काढा म्हणजे काय, संध्याकाळ तर रोज जाणारच आहे ना?

मला या विषयाची खरी चीड आहे. आपण न सांगता वाकतो. कोणी विचारायच्या आधी आपणच म्हणतो, 'आम्हाला कितीही वाजता चालेल.' नंतर तेच गृहीत धरलं जातं. जर्मनीत कायद्यानं एक दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती द्यावी लागते. तिथला माणूस रात्री उशिराच्या बैठकीला नाही म्हणतो तेव्हा त्याला संकोच वाटत नाही आणि कोणी त्याला कामचुकारही म्हणत नाही. आपणही शांतपणे नाही म्हणू शकतो.

आता गणित. तिघांना एकत्र बसायला एकच फट आहे: मेक्सिकोचे सकाळचे आठ, जर्मनीचे दुपारचे तीन-चार, पुण्याचे साडेसात. दुसरी वेळ काढायला गेलात तर कोणीतरी मध्यरात्री उठेल. म्हणजे पाळीपाळीनं त्रास घेऊ हे तिघांच्या बैठकीत शक्यच नाही, सूर्यच परवानगी देत नाही. म्हणून तिघांची बैठकच कमी करा. आठवड्यातून एक, आणि तीही फक्त निर्णयासाठी.

बाकीच्या दोघादोघांच्या. पुणे–जर्मनी दुपारी दीडला. त्यांचे आत्ता दहा, हिवाळ्यात नऊ. जर्मनी–मेक्सिकोचं ते दोघं जर्मनीच्या दुपारी बघतील, त्यात तुम्ही कशाला? पुणे–मेक्सिको मात्र आलटून पालटून. एका आठवड्यात तुम्ही संध्याकाळी साडेसातला, दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसातला, म्हणजे त्यांचे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. सोमवार सकाळ टाळा, तेव्हा तिथे रविवारची रात्र असते.

त्यांना रात्री आठला थांबायला सांगणं अवघड वाटेल. पण एकदा थांबले की तुमचे साडेसात म्हणजे काय ते त्यांनाही समजेल.

---

नळस्टॉप | ५ ऑगस्ट, सकाळी ८:००

तळेगाव_स्टेशन, बरोबर आहे. मी बैठक वाचवत बसलो, बैठक हवी का हे विचारलंच नाही.

---

वाट_पाहणारा | ५ ऑगस्ट, रात्री १०:१५

मी या क्षेत्रातला नाही, शाळेत शिकवतो. बायको खराडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करते. घरच्या बाजूनं थोडं लिहितो.

आमच्या मुलानं दुसरीत असताना 'माझी आई' या निबंधात लिहिलं होतं की आई दारामागे असते. बाईंनी मला बोलावून वही दाखवली. मी ती बायकोला लगेच दाखवू शकलो नाही, दोन आठवड्यांनी दाखवली. तिनं दुसऱ्याच दिवशी साहेबांशी बोलून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोकळ्या करून घेतल्या. तिला वाटलं होतं नोकरीवर येईल. साहेब म्हणाले, आधी का नाही सांगितलं?

ताई, तुमच्या आई सांभाळतात हे फार मोठं आहे. पण तुम्ही बोला. लवकर बोला.

---

रानडेची_विद्यार्थिनी | ६ ऑगस्ट, दुपारी ३:१०

दुसऱ्या अडचणीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आधी जर्मन शिकले, मग जपानी, आणि वीस वर्षं कारखान्यांत दुभाषी म्हणून बसतेय.

'करून टाकू', 'होऊन जाईल', 'बघतो', 'हो हो' हे मराठीत खोटे शब्द नाहीत. 'बघतो' म्हणजे काय हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून, मानेवरून, मागच्या ओळखीवरून आपल्याला समजतं. पण हे शब्द इंग्रजीत घातले की आवाज गळतो आणि नुसतं वचन उरतं. 'वी विल डू इट.' जर्मन माणसासाठी ते वचनच आहे, आणि तो त्यावर पुढचं काम रचतो. तो तुमच्यावर अविश्वास दाखवत नव्हता, ताई. तुम्ही म्हणालात ते त्यानं खरं मानलं.

मी माझ्या लोकांना एवढंच सांगते: 'हो' म्हणायच्या आधी मनात मराठीत पूर्ण वाक्य करा. कोण, काय, कोणत्या तारखेला, आणि काय नसेल तर जमणार नाही. 'मी बोल्टची यादी १४ तारखेला पाठवीन, तुमच्याकडून ११ पर्यंत लोडचे, म्हणजे भाराचे, आकडे आले तर.' मग त्याचं इंग्रजी करा. शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि आपण तोच संकोचानं गिळतो.

वेळेचे शब्दही जपून वापरा. आपला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. मराठी माणसाच्या इंग्रजीत तो नुसता 'डे आफ्टर' म्हणून उतरतो आणि समोरच्याला कशाच्या नंतर ते कळत नाही. जर्मन माणूस 'हाल्प आख्ट' म्हणाला, शब्दशः अर्धे आठ, तर ते साडेसात. इंग्रज 'हाफ एट' म्हणाला तर साडेआठ.

जर्मन लोक तारखेऐवजी आठवड्याचा क्रमांक बोलतात, 'का-वे ३४' वगैरे. त्यांचा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात, तो पहिला. काही सॉफ्टवेअर अमेरिकी पद्धतीनं १ जानेवारीचा आठवडा पहिला धरतात. बऱ्याच वर्षी फरक पडत नाही. पण २०२६ला जर्मन मोजणीत ५३ आठवडे आहेत, आणि २०२७चा पहिला आठवडा ४ जानेवारीला सुरू होतो. अमेरिकी मोजणीत तो तोवर दुसरा झालेला असेल. तुमचं काम जानेवारीत जाणार असेल तर एक पूर्ण आठवडा चुकू शकतो. तारीख लिहा, आणि महिना अक्षरात लिहा.

जपान्यांकडून घेण्यासारखी एक गोष्ट: होरेन्सो. होकोकु, रेन्राकु, सोदान. म्हणजे झालेलं सांगणं, चाललेलं कळवणं, अडलं की विचारणं. पालकाच्या भाजीलाही हाच शब्द आहे, त्यामुळे नवख्या पोरांच्याही पक्कं लक्षात राहतो. यातलं 'अडलं की विचारणं' आपल्याकडे सगळ्यात कमी होतं. अडलं की आपण आधी स्वतः सोडवायला जातो आणि दोन दिवसांनी सांगतो. शेजारच्या टेबलावर ते चालून जातं. साडेअकरा तासांच्या अंतरावर त्या दोन दिवसांचे चार होतात.

---

चाकणकर | ६ ऑगस्ट, रात्री ८:३५

माल पाठवण्याबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, शेवटी कोणाला वेळ नसतो.

पेट्या लाकडी असतील तर लाकूड उष्णता दिलेलं हवं, गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं, आणि प्रत्येक पेटीवर कणसाची खूण आणि 'एचटी' असा शिक्का. पेटी भरताना एखादी फळी कमी पडली म्हणून शेडमधली साधी फळी ठोकली की सगळी पेटी बंदरात अडकते. आमच्या एका कामात आत ठेवलेल्या टेकूच्या लाकडावर शिक्का नव्हता, तेवढ्यावर माल उतरू दिला नाही.

वस्तूचा कस्टमचा कोड: पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपले. न्हावा शेवाला आपण लावलेला पूर्ण कोड मेक्सिकोच्या एजंटला तसाच देऊ नका, सहा द्या आणि पुढचं त्याला ठरवू द्या. पेट्या भरायच्या आधी, नंतर नाही.

जर्मनांकडून वजनांची यादी येईल त्यात १.२५० असं असेल तर ते बाराशे पन्नास किलो, सव्वा किलो नव्हे. त्यांचा हजाराचा ठिपका म्हणजे आपला स्वल्पविराम. मेक्सिकोवाले मात्र आपल्यासारखंच लिहितात. त्यामुळे एकाच फाइलमध्ये दोन्ही पद्धती निघतात. क्रेन ठरवणारा माणूस तीच फाइल बघतो.

आणि सुट्ट्यांचा एकच तक्ता करा, तिन्ही देशांचा. ऑगस्टात अर्धं जर्मनी रजेवर असतं. १६ सप्टेंबरला मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. आपल्याकडे विसर्जनाच्या दिवशी काय असतं ते त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. कागदावर ती एका दिवसाची सुट्टी दिसते, पण आधीचे दहा दिवस भोसरीत संध्याकाळी ओव्हरटाइमला माणूस मिळत नाही, आणि मिळू नये असंच माझं मत आहे. दिवाळीचा आठवडा धरा. मग २४ डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जर्मनी. तिन्हीकडे एकदम काम चालू आहे असे दिवस मोजलेत तर तुम्हाला धक्का बसेल, पण तो आत्ता बसलेला बरा.

---

तळेगाव_स्टेशन | ७ ऑगस्ट, सकाळी ६:५०

एक राहिलं. कंपनीला सांगून एकदा केरेतारोला जाऊन या. बसवताना नव्हे, त्याच्या आधी. कागद, तक्ते सगळं ठीक, पण ज्याच्या घरी जेवलो त्याला माणूस अडचण वेळेवर सांगतो.

---

मुळाकाठ | ७ ऑगस्ट, सकाळी ९:३०

इथे माझं थोडं वेगळं मत. जा, पण एकट्या जाऊ नका. व्हेंडरच्या फोरमनला न्या. त्याचा पासपोर्ट नसेल तर आत्ता काढायला लावा. रिग कुठे बसणार ती जागा त्यानं डोळ्यांनी पाहिली की पुढच्या निम्म्या ईमेलची गरजच पडणार नाही.

---

खडकीची_लेक | ८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

तीन महिन्यांनी लिहितेय, क्षमस्व. आणि वेळ बघा, आत्ता मी घरी आहे, दार उघडं आहे, आणि मुलगी शेजारी चित्र काढतेय.

वाट_पाहणारा, तुमचा प्रतिसाद मी त्या रात्री तीनदा वाचला. दुसऱ्या दिवशी साहेबांशी बोलले. तिघांची बैठक आता फक्त गुरुवारी, निमंत्रण पुण्याच्या वेळेवर. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं बदलली तेव्हा आमची बैठक हलली नाही. पुणे–मेक्सिको आलटून पालटून. पहिल्यांदा तिकडच्या इंजिनिअरला रात्री आठला बसावं लागलं, तेव्हा मागे त्याची दोन मुलं भांडत होती. त्यानं माफी मागितली. मी म्हटलं, अहो, माफी कसली. त्या दिवसापासून आमचं बोलणं वेगळंच झालंय.

जोड मोजले. २३ निघाले. प्रत्येकाला एक पान, दोन सह्या, एकक, तारीख, आणि 'काय नसेल तर जमणार नाही' असा रकाना, जो मी सरळ रानडेची_विद्यार्थिनी यांच्याकडून उचललाय. पहिल्यांदा तो रकाना भरताना माझे हात थांबले. जर्मनीहून उत्तर आलं की धन्यवाद, हेच आम्हाला हवं होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका पानावर सही राहिली आणि नेमक्या त्याच जोडात केबल ट्रे चाळीस मिलिमीटरनं अडला. ती चूक माझी, मी तसं तिघांना लिहिलं. दिवाळीच्या आठवड्यामुळे काम पाच दिवस मागे आहे, पण ते तक्त्यात आधीच धरलेलं होतं, त्यामुळे कोणी विचारलं नाही. पेट्या पुढच्या महिन्यात न्हावा शेवाला जातील. चाकणकर, शिक्के मी स्वतः हात लावून बघितले, आतल्या टेकूंचेसुद्धा.

ब्रॅकेट नवीन करून घेतले, खर्च आमच्या कंपनीनं सोसला, व्हेंडरला डेबिट नोट गेली नाही. फोरमनचा पासपोर्ट आलाय. व्हिसाची तारीख मिळाली की आम्ही दोघं जाणार. त्यांचा हा पहिलाच विमानप्रवास. घरच्यांनी आतापासून चकल्या आणि भाकरवडीची यादी केली आहे.

मुळाकाठ काका, एक विनंती. तो शंकूचा कागद, दोन्ही खुणांचा, तुमच्याकडे असेल तर पाठवाल का? शेडमध्ये प्रत्येक टेबलावर लावायचा आहे.

---

मुळाकाठ | ८ नोव्हेंबर, रात्री ९:१०

पाठवला आहे. माझ्या हातचा आहे, १९९४चाच. पूर्ण शीट छापा, कोपरे कापू नका. आणि फोरमनला माझा नमस्कार सांगा. लाल पेन्सिल त्यांच्याच खिशात राहू द्या.